आईसाठी ४२ किलोमीटर

संपादक महोदय,

आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होऊन सहा वर्षं झाली, आता ती मला ओळखत नाही पण हात धरला की चालते, म्हणून मी यंदा ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन करून अशा पेशंटना सांभाळणाऱ्यांसाठी निधी जमवतेय. औषधाला लोक पैसे देतात हो, पण रात्र रात्र जागणाऱ्या घरच्यांना चार तास सुट्टी मिळावी म्हणून कुणी देत नाही, आणि खरी गरज तीच आहे! जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) आकड्यांनुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. अल्झायमर हा डिमेन्शियाचाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार; २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो, त्या दिवशी तरी अशा एखाद्या घरी दोन तास जाऊन बसा ना.

— एक वाचक