पुनर्विकासात हलणाऱ्या कचेऱ्या आणि पत्ता बदलण्याचा जाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दादर, गिरगाव, लालबाग, परळ या भागांतील जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या बातम्यांत रहिवाशांना मिळणारे भाडे, वाढीव क्षेत्रफळ आणि रखडलेले प्रकल्प यांची चर्चा नेहमी असते. त्याच इमारतींच्या तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर वर्षानुवर्षे चालत आलेल्या छोट्या कचेऱ्यांचे, म्हणजे वकील, विमा एजंट, सुट्या भागांचे वितरक, छापखानेवाले यांचे काय होते, याविषयी मात्र क्वचितच काही वाचायला मिळते. महापालिकेने इमारत ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक ठरवली की या मंडळींच्या हाती फार अवधी राहत नाही, आणि त्यांना हलावेही दोनदा लागते. आधी पर्यायी जागेत आणि काही वर्षांनी नव्या इमारतीत. अशा व्यावसायिकांच्या हिशेबाची आणि कराची कामे मी पाहतो. स्थलांतरात धंदा नेमका कुठे अडतो हे त्यामुळे रोजच्या रोज समोर येते, म्हणून हे पत्र.

टेबले, कपाटे, संगणक हलवणे त्या मानाने सोपे असते. चांगले हमाल आणि टेम्पो मिळाला तर शनिवार-रविवारी ते काम उरकते. खरी अडचण येते ती पत्त्यापाशी. जीएसटी नोंदणीतील धंद्याचे मुख्य ठिकाण बदलले तर ते १५ दिवसांच्या आत आरईजी-१४ या अर्जाने कळवावे लागते आणि तो बदल अधिकाऱ्याच्या मंजुरीनंतरच होतो. नोंदवलेल्या पत्त्यावर धंदा चालत नसल्याचे आढळले तर नोंदणी रद्द करण्याची तरतूद नियमांत आहे. बनावट नोंदण्या हुडकण्यासाठी २०२३ आणि २०२४ साली देशभर खास मोहिमा झाल्या, तेव्हा अधिकारी प्रत्यक्ष पत्त्यांवर जाऊन खातरजमा करत होते. अशा वेळी जुन्या पत्त्यावर पत्र्याचे कुंपण आणि विकासकाचा फलक दिसला, तर प्रामाणिक व्यापाऱ्यावरही बालंट येऊ शकते. नोंदणी निलंबित झाली की करपात्र विक्री थांबते, बिल फाडता येत नाही आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. शिवाय शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पोचती केलेली नोटीस कायद्याने बजावलेलीच धरली जाते. जुन्या इमारतीच्या पहारेकऱ्याने सही करून ती खिशात ठेवली असली तरी मुदत उलटतच राहते.

यावरचा उपाय अवघड नाही, पण तो आधी करायला हवा. नव्या जागेचा करार झाला की सामान हलण्यापूर्वीच ती जागा ‘अतिरिक्त ठिकाण’ म्हणून नोंदवून घ्यावी आणि स्थलांतर पुरे झाले की तिलाच मुख्य ठिकाण करून जुना पत्ता वगळावा. मधल्या काळात दोन्ही पत्ते कागदावर असल्याने माल इकडून तिकडे नेतानाही अडचण येत नाही, फक्त डिलिव्हरी चलान (माल पाठवल्याची चिठ्ठी) आणि मालाच्या किमतीप्रमाणे लागेल तेथे ई-वे बिल (वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) सोबत ठेवावे. हे सरळ वाटते, पण अर्जासोबत जागेचा पुरावा जोडायचा असतो आणि मुंबईत नेमके तेथेच घोडे अडते. नव्या जागेचे वीजबिल पुष्कळदा मालकाच्या दिवंगत वडिलांच्या नावावर असते, करपावती तिसऱ्याच नावावर असते, आणि मालक संमतीपत्रावर सही करायला गावाहून येण्याची वाट पाहावी लागते. म्हणून जागा ठरवतानाच, अनामत रक्कम देण्याआधी, लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत होईल आणि ही कागदपत्रे मिळतील असे लेखी घ्यावे. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याची नजर आधी दारावरच्या फलकाकडे जाते, कारण तेथे जीएसटी क्रमांक लिहिणे बंधनकारक आहे. फर्निचर पूर्ण होईपर्यंत फलकाला कशाची घाई, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझे सांगणे असे की तात्पुरता फ्लेक्स का होईना, पण पहिल्या दिवशी लावावा.

कंपनी असेल तर नोंदणीकृत कार्यालयाचा बदल आयएनसी-२२ या अर्जाने ३० दिवसांत कळवावा लागतो आणि चुकल्यास दिवसाला एक हजार रुपये, जास्तीत जास्त एक लाखापर्यंत दंड आहे. याखेरीज पॅन, टॅन (कर कापून भरणाऱ्याचा क्रमांक), भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कामगारांचा राज्य विमा), व्यवसाय कर, उद्यम म्हणजे लघुउद्योग नोंदणी, गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना नोंदणी आणि बँका येथेही पत्ता बदलायचा असतोच.

इंटरनेट आणि वीज यांकडे शेवटच्या आठवड्यात पाहिले जाते आणि तेच पहिल्या सोमवारी रडवते. नव्या इमारतीत तुमच्या सेवादाराची केबल पोचते का, सोसायटी ती टाकू देते का, याची चौकशी जागा पक्की करण्यापूर्वीच करावी. जोडणी स्थलांतराच्या आधी सुरू करून महिनाभर दोन्हीकडचे बिल भरावे लागले तरी ते बंद कचेरीपेक्षा स्वस्त पडते. जागा राहती असेल तर वीजजोडणी व्यापारी दराखाली घ्यावी लागते, आणि वातानुकूलन यंत्रे, संगणक व छपाई यंत्रांचा एकत्रित भार मंजूर भारात बसतो की नाही हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे. ज्या संगणकावर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा आहे तो तसाच टेम्पोत कधीच टाकू नये. त्याची प्रत एका हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन ठेवावी, ती उघडून पाहावी आणि मगच मूळ यंत्राला हात लावावा. माझ्या एका अशिलाच्या मुलीने सर्व वायरी काढण्याआधी प्रत्येक यंत्राच्या मागच्या बाजूचे मोबाइलवर फोटो काढले आणि प्रत्येक वायरीवर चिकटपट्टीने क्रमांक लावला. सोमवारी दहा वाजता त्या कचेरीतून पहिले बिल निघाले.

तारीख निवडतानाही कराचे वेळापत्रक डोळ्यांसमोर हवे. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस म्हणजे कापलेल्या आयकराचा भरणा, ११ ला जीएसटीचे विक्रीचे विवरणपत्र आणि २० ला जीएसटीचा भरणा येतो. त्यामुळे २१ तारखेनंतरचा, पगारांच्या आधीचा आठवडा बहुतेक पेढ्यांना सोयीचा पडतो. मुहूर्ताबद्दल माझा कोणाशी वाद नाही, पण गुढीपाडवा बहुधा मार्चअखेरीच्या आसपास येतो आणि त्याच सुमारास हिशेबाचे वर्ष संपते. अशा वेळी पाडव्याला नव्या जागेत पूजा करून नारळ फोडावा आणि सामान एप्रिलच्या शेवटी हलवावे, अशी तडजोड मी सुचवतो आणि बहुतेकांना ती पटते. पावसाळ्यात हलणे टाळता येत नसेल तर उघडा टेम्पो ताडपत्रीच्या भरवशावर घेऊ नये, बंद गाडीच घ्यावी.

विम्याचा विसर फार जणांना पडतो. आगीचा विमा पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यावरच्या मालाचा असतो. माल वाटेत आहे तोवर, आणि नवा पत्ता पॉलिसीवर चढत नाही तोवर, नुकसान झाले तर भरपाईसाठी भांडावे लागते. वाहतुकीचा वेगळा विमा आणि पत्ता बदलाचे एन्डॉर्समेंट म्हणजे पॉलिसीवरची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी आठवडाभर आधी विमा कंपनीकडे मागाव्यात. जागा कमी पडते म्हणून जुन्या फायली रद्दीत देण्याआधीही थांबावे, कारण जीएसटीची हिशेबपत्रके संबंधित वर्षाचे वार्षिक विवरणपत्र देय झाल्यापासून ७२ महिने आणि कंपनीची आठ वर्षे जपावी लागतात.

पुनर्विकासाच्या करारनाम्यांबद्दलही एक सूचना आहे. भाडे, दलाली आणि स्थलांतर खर्च यांचे आकडे त्यांत सहसा घराच्या हिशेबाने ठरतात. व्यापारी गाळेधारकांनी सोसायटीच्या सभेत आग्रह धरून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: ताबा सोडण्यासाठी किमान तीन महिन्यांची लेखी पूर्वसूचना, आणि जुन्या जागेच्या कुंपणावर नव्या पत्त्याचा फलक लावण्याची मुभा. सी-१ इमारतीत पहिली गोष्ट शक्य नसेलही, दुसरी नक्कीच आहे. त्या फलकाचे मोल पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक असलेल्या दुकानदारालाच कळते.

शासनाला माझे सांगणे थोडे आहे. नवी कंपनी स्थापन करताना स्पाइस-प्लस या ऑनलाइन अर्जातून आणि त्याला जोडलेल्या अजाइल-प्रो (आता अजाइल-प्रो-एस) अर्जातून जीएसटी, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, व्यवसाय कर आणि बँक खाते ही सर्व कामे एकाच ठिकाणी होतात. २०२० पासून ही सोय आहे आणि ती चालते, हे मी स्वतः वापरून सांगतो. तीच कंपनी जागा बदलते तेव्हा मात्र तिला प्रत्येक खात्याचे स्वतंत्र पोर्टल, स्वतंत्र पासवर्ड आणि तोच वीजबिलाचा पुरावा पुन्हा पुन्हा चढवावा लागतो. पत्ता बदलाचाही एक सामाईक अर्ज केंद्राने आणावा, मालकी आणि भागीदारी पेढ्यांनाही तो खुला असावा, आणि राज्यापुरते म्हणाल तर व्यवसाय कर व गुमास्ता यांची जोडणी महाराष्ट्र शासनाने तोवर थांबून न राहता करून द्यावी. अर्ज केल्याच्या पावतीची तारीख सर्व खात्यांनी ग्राह्य धरली, तर मंजुरीची वाट पाहण्याच्या काळात कोणाची नोंदणी निलंबित होणार नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
एक कर सल्लागार, दादर, मुंबई