‘उलट क्रमाने जोडावे’ एवढ्याने भागत नाही

संपादक महोदय,

अमेरिकेत जुनी व्हॅन घेऊन तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरीच बदलणाऱ्यांसाठी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. बॉक्स खाली कसा उतरवायचा ते त्यात नीट सांगितले आहे. चढवण्याचे काम मात्र ‘उलट क्रमाने जोडावे’ या एका ओळीत उरकले आहे. नवा बॉक्स बहुधा याच ओळीत मरतो, म्हणून हे पत्र.

शेवरोलेच्या अ‍ॅस्ट्रो आणि एक्सप्रेस १५०० या व्हॅनमध्ये सर्रास सापडणारा ‘४एल६०ई’ बॉक्स उदाहरणाला घेऊ. आधी बॉक्स खरोखर बदलायला हवा का ते पाहावे. रिव्हर्स, दुसरा आणि चौथा हे तिन्ही एकदम गेले आणि पहिला-तिसरा शाबूत असेल, तर आतल्या सन शेलचे (गिअरना फिरवणाऱ्या वाटीसारख्या भागाचे) दाते गेले असे समजावे. नुसता तिसरा-चौथा गेला असेल, तर त्या दोघांच्या क्लच प्लेट जळाल्या. दोन्ही दुखण्यांत बॉक्स उतरवावाच लागतो. पण गिअर सगळे पडत असून संगणक ‘पी१८७०’ कोड दाखवत असेल, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब वाटणाऱ्या भागात), इंजिनची फिरकी तेलातून बॉक्सला देणाऱ्या कन्व्हर्टरच्या क्लचच्या व्हॉल्व्हचे भोक झिजलेले असते. ते काम चेंबर (बॉक्सखालचे तेलाचे पात्र) उघडून खालूनच होते, अख्खा बॉक्स बदलायची गरज नसते.

उतरवण्याबद्दल लेखात राहिलेल्या दोनच गोष्टी. व्हॅनमध्ये दोन सीटांमधले इंजिनचे झाकण आतून निघते आणि बेल हाउसिंगचे (बॉक्सच्या इंजिनला जोडलेल्या घंटेसारख्या तोंडाचे) वरचे बोल्ट तिथून हाताला लागतात. झाकण न काढता बॉक्सची शेपटी खूप खाली झुकवली, तर व्ही-६ इंजिनच्या मागच्या टोकाचा डिस्ट्रिब्युटर बॉडीवर आपटून फुटतो. दुसरे, तेल काढलेला बॉक्सही सुमारे ६६ किलोचा असतो. साध्या जॅकच्या गोल डोक्यावर तो तोलण्याचा आचरटपणा करू नये. ट्रान्समिशन जॅक भाड्याने मिळतो. बॉक्स साखळीने बांधावा, कन्व्हर्टर पुढे घसरून पडू नये म्हणून त्याला पट्टी लावावी. व्हॅन लोखंडी घोड्यांवरच (जॅक स्टँडवर) ठेवावी, सिमेंटच्या पोकळ विटांवर कधीच नाही.

आता मुख्य मुद्दा, कन्व्हर्टर. नव्या कन्व्हर्टरमध्ये साधारण लिटरभर तेल ओतावे, त्याच्या मानेला तेल लावावे आणि बॉक्सवर ठेवून फिरवत आत ढकलावा. तो तीन ठिकाणी बसावा लागतो : इनपुट शाफ्टच्या (बॉक्सच्या मुख्य दांड्याच्या) दात्यांवर, स्टेटरच्या (त्याभोवतीच्या स्थिर नळीच्या) दात्यांवर आणि शेवटी मानेच्या खाचा तेलाच्या पंपाच्या रोटरमध्ये. प्रत्येक वेळी ‘खट्’ होऊन तो थोडा आत जातो. दुसऱ्या खट्‌नंतर तो बसल्यासारखा वाटतो, फसगत होते ती इथेच. मग बॉक्स इंजिनला भिडत नाही, बोटभर फट राहते आणि माणूस ती फट बोल्ट आवळून मिटवतो. त्या आवळण्यात पंपाचा रोटर तडकतो. इंजिन सुरू केल्यावर एकही गिअर पडत नाही आणि दोष नव्या बॉक्सला दिला जातो.

पारख सोपी आहे. बेल हाउसिंग इंजिनच्या दोन्ही डॉवेल पिनांवर (जागा नेमकी जुळवणाऱ्या खुंट्यांवर) नुसत्या हाताने पूर्ण टेकले पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनमागच्या पातळ चकतीपासून, जिला तो बोल्टने जोडतात) ३ ते ५ मि.मी. मागे असला पाहिजे. ही फट नसेल तर बोल्टला हात न लावता बॉक्स मागे घ्यावा. फट असेल तर कन्व्हर्टर पुढे ओढून त्याचे तीन बोल्ट सुमारे ६३ न्यूटन-मीटरवर आवळावेत. बोल्ट मूळचेच वापरावेत. लांब बोल्ट कन्व्हर्टरच्या पत्र्यात रुततो. डॉवेल पिना गंजल्या वा हरवल्या असतील तर नव्या घालाव्यात. त्यांच्याशिवाय बॉक्स केसभर वाकडा बसतो आणि पुढचे सील सारखे गळते.

दुसरा मारेकरी म्हणजे बॉक्सचे तेल थंड करणारा कूलर. मेलेल्या बॉक्सची लोखंडी पूड आणि क्लचचा चुरा रेडिएटरमधल्या कूलरमध्ये अडकून राहतो आणि पहिल्याच फेरीत नव्या बॉक्समध्ये शिरतो. नळ्या दोन्ही दिशांनी धुवाव्यात. बाहेरचा वेगळा कूलर असेल तर तो सरळ बदलावा. इंजिन संथ चालू असताना परतीच्या नळीतून २० सेकंदांत सुमारे लिटरभर तेल यायला हवे. कूलर धुतल्याची वा बदललेल्याची पावती नसेल, तर बरेच विक्रेते वॉरंटीच नाकारतात.

तेल डेक्सरॉन-६. कोरड्या बॉक्सला मोठ्या कन्व्हर्टरसह साधारण साडेदहा लिटर लागते. चेंबर उघडून बदलताना निघते त्याच्या हे दुपटीहून जास्त आहे, म्हणून चेंबरपुरते पाच लिटर घालून तसेच चालवू नये. इंजिन सुरू करण्यापूर्वी पाच-सहा लिटर, सुरू होताच लगेच आणखी तीनेक लिटर, मग ब्रेक दाबून प्रत्येक गिअर पाडत उरलेले घालावे. शेवटची पातळी तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये तेल मोजायच्या काठीवर पाहावी.

गिअरची केबल जोडल्यावर इंजिन फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सुरू होते का ते पाहावे, तेही चाकांना उटी (पाचर) लावून. केबल एक खाच चुकली तर दांडा पार्कवर दिसतो आणि गाडी उताराला लागते.

लेखाची ऑनलाइन आवृत्ती दुरुस्त करणार असाल, तर निदान ३ ते ५ मिलिमीटरच्या फटीचे माप त्यात घालावे, ही विनंती.

— एक वाचक, न्यू जर्सी