सँडबॉक्समधल्या कोल्होबांना, उशिरा का होईना

कोल्होबा, नमस्कार.

तुमचं नाव मला आठवत नाही. 'सेकंड लाइफ' या ऑनलाइन आभासी जगात ते तुमच्या डोक्यावर तरंगत होतं, पण मी मेल्याने टिपून ठेवलं नाही. आठवतो तो दोन पायांवर चालणारा तांबडा कोल्हा, अंगात राखाडी ओव्हरकोट. तुम्ही बाई की बुवा तेही ठाऊक नाही. कोल्होबा म्हणतो, चालवून घ्या.

गेल्या आठवड्यात 'सेकंड लाइफ'चं जुनं खातं उघडलं. इन्व्हेंटरीत, म्हणजे तिथल्या सामानाच्या पेटीत, 'कंदील ७+२' सापडला. तो रेझ केला, म्हणजे समोर उभा केला, आणि रात्री दीड वाजता त्याच्याकडे बघत बसलो. म्हणून हे पत्र.

२०१०ची दिवाळी. मी मस्कतला, एका गोदामाचे हिशेब सांभाळत होतो. रजा मिळाली नाही. राजापूरला घरचा कंदील भावाने लावला, तेव्हा म्हटलं, आपण आपला इथे लावू. इथे म्हणजे 'सेकंड लाइफ'मधल्या भाड्याच्या ५१२ चौरस मीटरच्या तुकड्यावर. तेवढ्या जमिनीला त्या काळी ११७ प्रिम, म्हणजे वस्तू घडवायचे मूळ ठोकळे, मिळत. घर, अंगण, तुळशीवृंदावन यांत १०८ गेले होते. उरले नऊ. आणि मला हवा होता द्वादशफलक, बारा पंचकोनांचा, शाळेत पुठ्ठे चिकटवून केला होता तसा. पण बॉक्स, सिलिंडर, प्रिझम, गोल, टोरस, ट्यूब, रिंग या यादीत पंचकोन कुठेच नाही.

आधी ज्यांना विचारलं त्यांचाही उल्लेख करायला हवा. एका जाणकाराने ऐकवलं, "पंचकोनाला पाच त्रिकोण, बारा पंचे साठ. साठ प्रिम परवडत नसतील तर जमीन वाढवा." दुसऱ्याने ३०० लिंडेन डॉलर (तिथलं चलन) घेऊन तयार वस्तू दिली. तिच्या सांध्यांतून पलीकडचं आभाळ दिसायचं आणि दुरुस्त करावी तर 'नो मॉडिफाय', बदल करायची मुभाच नाही. नंतर निरोप पाठवले, उत्तर नाही. त्यांना दुरूनच नमस्कार.

मग सँडबॉक्समध्ये, म्हणजे बांधून बघायच्या मोकळ्या जागेत, तुम्ही भेटलात. माझे दहा-बारा वाकडे त्रिकोण पाहून तुम्ही विचारलंत, "हिप रूफ माहीत आहे का?" शब्द माहीत नव्हता. तुम्ही एक बॉक्स रेझ केलात, त्याला टेपर दिलात, म्हणजे वरचं टोक निमुळतं केलंत, आणि माझ्यासमोर आमचं राजापूरचं घर उभं राहिलं! चौपाखी छप्पर. दोन पाखी त्रिकोणी, दोन समलंब, वर आढं. तुम्ही म्हणालात, मधे एक घन ठेवा आणि त्याच्या सहाही बाजूंवर असं एकेक छप्पर चढवा. बस्स.

मला पटेना. बारा तोंडांची वस्तू सात तुकड्यांत?

इंटरनेट असं की माझा अवतार हात पुढे करून उभा, बोटांतून वस्तू घडवताना दिसतात ते ठिपके निघताहेत, आणि टाकलेला आकडा अर्ध्या मिनिटाने लागू होतोय. अशा माणसाजवळ सँडबॉक्समध्ये कोणी थांबत नाही, उडून जातात. तुम्ही जमिनीवर बसलात. शेपटी बाजूला पसरलीत आणि लिहिलंत, "मी बसून आहे. सावकाश होऊ दे." कोल्होबा, हे पत्र खरं तर त्या बसण्यासाठी आहे. त्या महिन्यात माझ्यासाठी कोणी बसलं नव्हतं. ना साहेब, ना फोनवरचा भाऊ (तो फटाक्यांच्या गडबडीत).

घन दोन मीटरचा. छपराची उंची ०.६१८. आढ्याच्या दिशेने टेपर ०.३८ (टोकाला तेवढा हिस्सा कमी), दुसरीकडे पूर्ण १. आढं खरं तर १.२३६ मीटर हवं, ते १.२४ होतं. चार मिलिमीटरची ही लबाडी कोणाला दिसते! तिसरं छप्पर मी चुकीचं फिरवलं. माझ्या वस्तूंना हात लावायची परवानगी तुम्हाला देऊ केली, तर म्हणालात, "नको, कंदील तुमचा." आणि एवढंच सांगितलंत की समोरासमोरची आढी एका दिशेला, शेजारची काटकोनात.

सहावं बसलं तरी नव्या प्रिमवर आपोआप येणाऱ्या प्लायवूडच्या रेघांमुळे नुसती छपरंच दिसत होती. तुम्ही म्हणालात, टेक्स्चर, म्हणजे वरचं ते चित्र, ब्लँक करा. केलं, केशरी रंग दिला, आणि एका छपराचं त्रिकोणी पाखं शेजारच्या समलंब पाख्याला असं मिळालं की शिवणच नाहीशी झाली. पंचकोन! मी खोलीत मोठ्याने ओरडलो. शेजारच्या खाटेवरच्या मल्याळी मित्राने उशी फेकून मारली.

घनावर छपरं चढवून द्वादशफलक करायचा हा उद्योग युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या तेराव्या खंडातला, हे पुढे कधीतरी कळलं. शाळेत मी एकदा विचारलं होतं, सुसम घनाकृती पाचच का? उत्तर मिळालं, "परीक्षेला येत नाही." एका कोपऱ्यात किमान तीन तोंडं यावी लागतात आणि त्यांच्या कोनांची बेरीज ३६०च्या आत राहावी लागते. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. त्रिकोण तीन, चार किंवा पाच बसतात, चौरस तीन, पंचकोन तीन. संपली यादी. पण त्यासाठी कोणीतरी बसायला हवं ना.

आतला घन कुठूनच दिसत नाही, तो काढला तरी चालतं, असं जाता जाता म्हणाला होतात. मी काढला नाही. त्यालाच लाइट लावला, त्याचा उजेड भिंती न जुमानता अंगणभर पडायचा. उरलेल्या दोन प्रिमच्या झिरमिळ्या केल्या, फ्लेक्सी, म्हणजे लवचीक. त्या तुम्ही पाहिल्याच नाहीत, तोवर तुम्ही गेला होतात. वारा असला की हलतात.

कंदिलाची एक प्रत कॉपी, मॉडिफाय, ट्रान्सफर तिन्ही खुलं ठेवून काढली आहे. कुठे पाठवू तेवढं कळवा.