महालक्ष्मीचा स्वयंपाक एका सकाळी नको

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

गौरी-गणपतीचे दिवस जवळ आले की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून नैवेद्याच्या पाककृती येऊ लागतात आणि आम्ही त्या आवडीने वाचतो. परंतु ज्येष्ठा नक्षत्रावर गौरीपूजन होऊन ज्या घरात तीस-चाळीस माणसे जेवायला बसतात, तेथे अडचण पाककृतीची नसते. पुरण कसे शिजवायचे हे त्या घरातील बायकांना ठाऊकच असते. कोणते काम केव्हा हाती घ्यायचे हे आधी ठरलेले नसते, आणि म्हणून सगळी कामे पूजेच्या एकाच सकाळी, बहुधा एकीच्याच अंगावर येऊन पडतात.

आमच्या विदर्भात या सणाला महालक्ष्म्या म्हणतात. पुरणपोळी, आंबील, कटाची आमटी, कढी, सोळा भाज्या, चटण्या, कोशिंबिरी, वडे, भजी, खीर असा तो स्वयंपाक असतो, आणि नैवेद्य होईपर्यंत करणाऱ्या बहुतेक जणी उपाशी असतात. घरगुती शेगडीला दोन, फार तर चार बर्नर असतात, ही या दिवसाची खरी मर्यादा आहे. पोळ्यांचा तवा एकदा चढला की एक बर्नर दोन-अडीच तास अडकतो आणि शेवटी तळणाची कढई दुसरा अडवते. म्हणून आमटी, कढी, भाज्या आणि खीर हे सारे तवा चढण्यापूर्वी उतरलेले असले पाहिजे, आणि भाताचा कुकर पाने मांडण्याच्या अर्धा तास आधी लावला पाहिजे. एवढा क्रम कागदावर लिहून ओट्यापाशी लावला तरी निम्मी धावपळ थांबते.

उरलेली धावपळ आदल्या दिवशी संपवता येते. गौरी येतात त्या दिवशी अनेक घरांत भाजी-भाकरीचाच नैवेद्य असतो, म्हणजे त्या दिवशीची संध्याकाळ परंपरेनेच मोकळी ठेवली आहे. आंबिलीसाठी ज्वारीचे पीठ तेव्हा भिजवावेच लागते. त्याच वेळी नारळ खोवावेत, वेलदोडा-जायफळाची पूड करावी, चिंचेचा कोळ काढावा, भाज्या निवडून ठेवाव्यात. पुरणही रात्री करता येते: हरभऱ्याची डाळ दोन-तीन तास भिजवून मऊ शिजवावी, कट निथळून आमटीसाठी वेगळा ठेवावा, डाळीच्या बरोबरीने गूळ घालून उलथने उभे राहीपर्यंत आटवावे आणि गरम असतानाच यंत्रातून काढावे, कारण निवलेले पुरण वाटताना हात भरून येतात. पुरण आणि कट दोन्ही निवल्यावर फ्रिजमध्ये चांगले राहतात. ज्यांच्याकडे सोवळे पाळतात त्यांनी देवीच्या पानापुरते पुरण सकाळी ताजे घालावे. सबंध पंगतीचे पुरण पहाटे चारला उठून शिजवावे, असा आग्रह कोणी धरू नये.

सोळा भाज्यांबद्दलही असेच म्हणावेसे वाटते. कित्येक घरांत सोळा प्रकार थोडे थोडे घेऊन त्यांची एकच मिसळीची भाजी करतात आणि ती देवीला पूर्ण मान्य असते. मग कोशिंबिरी आणि चटण्या पाहुण्यांपुढे मोजून दाखवण्याची गरज काय? पुरणपोळी पानात असली की भातही माणशी मूठभर तांदळाचाच लागतो, तरी दरवर्षी पातेलेभर उरतो. शिजलेला भात भाद्रपदातल्या दमट हवेत तासन्तास ओट्यावर राहिला की त्यात जिवाणू वाढतात आणि तो पुन्हा गरम करूनही निर्धोक होत नाही, म्हणून उरलेला भात दोन तासांच्या आत वाटून टाकावा किंवा फ्रिजमध्ये ठेवावा.

नैवेद्याआधी चव पाहायची नसते, त्यामुळे मिठाचा अंदाज हाही मोठा घोर असतो. मीठ चमच्याने मोजून घालावे आणि कोणत्या पातेल्याला किती लागले ते वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी सून असो वा मुलगा, कोणालाही त्या मापाने निर्धास्तपणे स्वयंपाक करता येतो.

मुलगा हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे. पुरणयंत्र फिरवायला जोर लागतो, नारळ फोडायला लागतो, पाने मांडणे, वाढणे आणि पातेली घासणे यांत तर कोणतेही पाककौशल्य नाही. घरातील पुरुषांनी वाढायला उभे राहावे आणि सकाळपासून ओट्यापाशी असलेल्या बायकांनी पहिल्या पंगतीत बसून गरम पोळीवर तूप घेऊन जेवावे. आज त्या चार वाजता, सर्वांच्या मागून, निवलेले अन्न जेवतात आणि याचे कोणाला काही वाटत नाही, हे मला फार खुपते.

म्हणून विनंती अशी की, यंदाच्या पुरवणीत एखादी पाककृती कमी छापावी आणि त्या जागेत आदल्या संध्याकाळपासून पंगतीपर्यंतचे कामांचे वेळापत्रक द्यावे. कोणते काम कोणी करायचे याचा एक रकाना त्यात असावा, आणि स्वयंपाक करणाऱ्यांच्या जेवणाची वेळही त्यात स्पष्ट लिहिलेली असावी.

आपली नियमित वाचक,
नागपूर