आधी भाकर, मग बोलणं

प्रिय मित्रा,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रात्री तीनच्या सुमारास दचकून जाग येते, छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, ‘आता आपलं काही खरं नाही’ असं वाटतं आणि मग उजाडेपर्यंत डोळे छताला. ईसीजी नॉर्मल आला तरी मन ऐकत नाही. त्यात प्रार्थनासभेत कुणीतरी ‘भाऊ, विश्वास कमी पडतोय’ असं म्हणून मोकळं झालं. हे शेवटचं आधी निकालात काढू, कारण मूळ दुखणं एक आणि त्यावर चोळलेलं हे मीठ दुसरं.

तुला दाखला दिला तो २ तीमथ्य १:७ चा: “देवाने आपल्याला भित्रेपणाचा नव्हे, तर सामर्थ्याचा, प्रीतीचा व संयमनाचा आत्मा दिला आहे.” वचन खरं आहे, वापर चुकला. हे ज्याला लिहिलं त्याच तीमथ्याला पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, नुसतं पाणी पिऊ नकोस, पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. एकाच माणसाला आत्म्याची आठवणही दिली आणि पोटाचा उपायही सांगितला, आणि पौलाला त्यात काही विसंगत वाटलं नाही. खुद्द पौल २ करिंथ ११:२८ मध्ये कबूल करतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज त्याच्या डोक्यावर आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘मेरिम्ना’ हा शब्द आहे, आणि फिलिप्पै ४:६ मध्ये ‘चिंताक्रांत होऊ नका’ म्हणताना त्याच शब्दापासून आलेलं क्रियापद. म्हणजे चिंता म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस बोलतोय, तेही कैदेत बसून. आणि धरलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभूने काय केलं? पेत्र, याकोब, योहान या तिघांना ‘जागे राहा’ म्हणून विनवलं, तीच प्रार्थना त्याच शब्दांत तीनदा केली, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडला. त्याला कुणी अल्पविश्वासी म्हणेल का?

‘अल्पविश्वासी’ वरून आठवलं. मत्तय १४ मध्ये पेत्र बुडायला लागतो आणि ‘प्रभुजी, मला वाचवा’ एवढंच ओरडतो. ३१ वं वचन हळू वाच. येशू तत्काळ हात पुढे करून त्याला धरतो, आणि मग विचारतो, अरे अल्पविश्वासी, संशय का धरलास. बोलणं आहे, पण हातानंतर. आपल्या सभांत हा क्रम बऱ्याचदा उलटा होतो.

या क्रमाचं सगळ्यात सविस्तर चित्र १ राजे १९ मध्ये आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाल्यावर ईजबेल राणीची एक धमकी येते आणि संदेष्टा एलीया जीव घेऊन पळतो. बैरशेब्यात चाकराला मागे ठेवतो, एकटाच रानात एक दिवसाची वाट चालतो आणि झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देव काय करतो ते बोटांवर मोज. झोपू देतो. दूत येऊन स्पर्श करतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि उशाशी पाणी. पुन्हा झोप. पुन्हा स्पर्श, पुन्हा भाकर, आणि ‘वाट तुला झेपणारी नाही’ अशी कबुली. मग चाळीस दिवसांची चाल. प्रश्न येतो तो होरेब डोंगराला पोहोचल्यावर: एलीया, तू येथे काय करतोस? एलीया तक्रार सांगतो. वारा, भूकंप, अग्नी, मग मंद वाणी, आणि तोच प्रश्न पुन्हा. एलीया तीच तक्रार शब्दन् शब्द पुन्हा म्हणतो! एवढं सगळं पाहूनही काही बदललेलं नाही. देव रागावत नाही. हाताला काम देतो, सोबतीला अलीशा देतो आणि सांगतो की तू एकटा नाहीस, आणखी सात हजार आहेत. चाकराला मागे टाकून आलेल्या माणसाला सोबती परत मिळतो, ही बारीक गोष्ट प्रवचनात बहुतेक निसटते.

तेव्हा तुझी भाकर आणि झोप आधी. रात्रीचं जेवण टाळू नकोस. चहा-कॉफी दुपारी चारनंतर बंद. तू दिवसाला सहा कप पितोस असं लिहिलंस. ते आठवडाभरात दोनवर आण, एकदम तोडलास तर डोकं दुखेल. रोज अर्धा तास चाल, शक्यतो कुणाबरोबर. फोन रात्री दुसऱ्या खोलीत, गजराला साधं घड्याळ. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर अंथरुणात कुशी बदलत पडू नकोस. उठून खुर्चीत बस, दिवा मंद ठेव, पेंग आली की परत जा. तासन्‌तास तळमळत पडून राहिलं की अंथरूण आणि भीती यांची गाठ पक्की होते.

आता तीनच्या धडधडीचं. ती नेमकी काय असते ते कळलं तरी निम्मा धाक जातो. घाबरलं की श्वास उथळ आणि जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं. मन त्याचा अर्थ ‘आपण मरतोय’ असा लावतं, त्याने श्वास आणखी वाढतो. लाट बहुधा दहा मिनिटांच्या आत टोकाला जाते आणि मग उतरते. तुझ्या हृदयाची तपासणी झाली आहे म्हणून हे तुला लिहितोय. ज्याची झाली नाही त्याने छातीत दुखलं तर आधी दवाखाना गाठावा. तुझंही दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, जबड्यात किंवा हातात गेलं, तर तेच.

लाट आली की उठून बस, पाय जमिनीला टेकव. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. आकड्यांऐवजी तेविसावं स्तोत्र धर: आत घेताना मनात ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, सोडताना ‘मला काही उणे पडणार नाही’. असे वीस श्वास, साधारण साडेतीन मिनिटं. मोठमोठे श्वास ओढू नकोस, त्याने मुंग्या वाढतात; जोर सोडण्यावर. मग चौथ्या वचनापर्यंत जा. पहिल्या तीन वचनांत दावीद देवाविषयी बोलतो: तो मला बसवतो, तो मला नेतो. मृत्युच्छायेच्या दरीत पाऊल पडलं की ‘तो’ जातो आणि ‘तू’ येतो: ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस’. दरी तिथेच असते, फक्त बोलण्याची दिशा बदलते. तिथे पोहोचलास की तूही देवाला थेट ‘तू’ म्हणून हाक मार. लांब प्रार्थना नको, पेत्राची तीन शब्दांची पुरते.

इथे एक चूक हमखास होते. माणूस ‘प्रभू, हे आत्ताच्या आत्ता काढ’ म्हणतो आणि दर अर्ध्या मिनिटाला तपासतो, गेलं का, गेलं का. हा पहाराच भीतीला खाऊ घालतो. स्तोत्र ५६:३ मध्ये दावीद म्हणतो की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन. भीती गेल्यावर ठेवीन असं म्हणत नाही. लाट येऊ दे, टोकाला जाऊ दे, उतरू दे. तू वचन आणि श्वास धरून बस.

दिवसाच्या चिंतेला वेगळं औषध लागतं, कारण ती लाटेसारखी येत नाही, गळक्या नळासारखी टिपटिपत राहते. तिला वेळ नेमून दे. संध्याकाळी साडेसहाला पंधरा मिनिटं, टेबलाशी. अंथरुणात कधीच नाही. दोनशे पानी वही घे, पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे ज्यावर उद्या काही करता येईल ते, उजवीकडे ज्यावर तुझा हात चालत नाही ते. ‘नोकरी जाईल’ असं लिहू नकोस, ते धुकं आहे. ‘३१ तारखेला करार संपतो, ऑफिसकडून उत्तर नाही, घरखर्चाला दोन महिन्यांचे पैसे आहेत’ असं लिही. फिलिप्पै ४:८ च्या यादीत पहिला शब्द ‘सत्य’ आहे तो यासाठीच. डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढे एकच कृती आणि वेळ: ‘उद्या ११ वाजता साहेबांना विचारणे’. उजवीकडच्या ओळी एकेक वाचून देवाला सांग. फिलिप्पै ४:६ चे शब्द बघ, प्रार्थना, विनंती, आभारप्रदर्शन, मागणी. ‘देवा, सगळं नीट कर’ यात मागणी कुठे आहे? आभारही नेमके हवेत: आज दुपारी शेजाऱ्याने डबा दिला, असे तीन. संकट नाहीच असं भासवायला आभार मानायचे नसतात. संकटाखेरीजही आज काही घडलं, याची ती नोंद.

१ पेत्र ५:७ मध्ये ‘चिंता टाका’ म्हणताना जे ग्रीक क्रियापद आहे, तेच लूक १९:३५ मध्ये शिंगरावर वस्त्रं टाकली तिथे आहे. अंगावरचं काढायचं आणि वाहणाऱ्याच्या पाठीवर टाकायचं, इतकं ते हाताचं काम. म्हणून वही मिट आणि कपाटात ठेव. मध्येच चिंता आली तर ‘साडेसहाला’ म्हण. पहिल्या आठवड्यात दिवसातून तीसदा म्हणावं लागेल, म्हणून हे जमत नाही असं समजू नकोस. आणि फिलिप्पै ४:७ मधल्या शांतीकडून गैरअपेक्षा ठेवू नकोस. ‘राखील’ हा तिथला शब्द पहारेकऱ्याचा आहे, आणि फिलिप्पै ही निवृत्त रोमी सैनिकांची वसाहत, त्यांना तो बरोबर कळला असणार. पहारा बसतो तो वेशीबाहेर धोका असतो म्हणूनच.

आभार सुचणारच नाहीत अशा रात्री तेरावं स्तोत्र घे. सहाच वचनं, पहिल्या दोनांत चार वेळा ‘कोठवर’. मग मागणी, आणि शेवटी भरवसा. तो शेवटही जमत नसेल तर अठ्ठ्याऐंशीवं. ते अंधारातच संपतं आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

आता तू लिहिलेल्या दोन सवयी. एक, शुभ-अशुभ कळावं म्हणून डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं. दोन, प्रार्थनेत एक शब्द चुकला तर पहिल्यापासून म्हणायचं, मग पाळकसाहेबांना फोन करून ‘देव रागावला नाही ना’ असं विचारायचं. या भक्तीसारख्या दिसतात, पण काम खात्री मागण्याचं करतात, आणि खात्री दहा मिनिटं टिकते. मग पुन्हा हवी होते. प्रार्थना एकदाच, चुकली तर चुकली. रोमकरांस ८:२६ म्हणतं की आपल्याला नीट मागता येत नाही म्हणून आत्मा मध्यस्थी करतो. वाचन ठरलेलं, मार्काचा रोज अर्धा अध्याय. पाळकसाहेबांना तूच सांगून ठेव की हा प्रश्न आला तर उत्तर देऊ नका, फक्त सोबत बसा. हे शब्द पुन्हा पुन्हा म्हणण्याचं प्रमाण वाढत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला ते जरूर सांग. त्यांच्या ओळखीचा आजार आहे तो.

उपासनेला जाणं तू बंद केलंस, गर्दीत कोंडल्यासारखं होतं म्हणून. टाळलं की त्या दिवशी बरं वाटतं आणि पुढच्या रविवारी मंदिराची पायरी आणखी उंच होते. पायरीपायरीने जा. या रविवारी शेवटचा बाक, कडेची जागा, पहिली दोन गीतं. पुढच्या वेळी संदेश होईपर्यंत, मग प्रभुभोजनापर्यंत. एकच नियम: भीती टोकाला असताना उठायचं नाही, थोडी उतरली की उठायचं. नाहीतर मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. शेजारी एकाला सांगून ठेव, गेथशेमानेत प्रभूनेही तिघांना सांगितलं होतं.

डॉक्टरांचं टाळू नकोस. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घे. थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड होते. मानसोपचारतज्ज्ञांनी रोजची गोळी दिली तर फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढूही शकते. नेमकं तेव्हाच लोक सोडून देतात. साक्ष द्यायची म्हणून गोळ्या फेकू नकोस, बंद करायच्या तर डॉक्टर सांगतील तशा हळूहळू. झटपट शांत करणाऱ्या गोळ्या मात्र सवयीच्या असतात. त्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस, शेजाऱ्याच्या डब्यातून कधीच नाही. कलस्सै ४:१४ मध्ये पौल लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. इंग्रज उपदेशक चार्ल्स स्पर्जनचं उदाहरण तुला माहीत असेल: १९ ऑक्टोबर १८५६ ला लंडनच्या सरे गार्डन्स सभागृहात त्याची उपासना चालू असताना कुणीतरी ‘आग’ म्हणून खोटंच ओरडलं, चेंगराचेंगरीत सात जण गेले. तो तेव्हा २२ वर्षांचा. त्यानंतर खिन्नतेने त्याला आयुष्यभर पुरतं सोडलं नाही. उपदेशही चालू राहिला, आणि पुढे तो हिवाळ्यात विश्रांतीला फ्रान्समधल्या माँतोंला जात असे.

जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार एकदा जरी डोकावला तरी त्याच क्षणी वहिनींना उठव. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आत्ताच फोनमध्ये टाकून ठेव, तीन वाजता शोधायला सुचत नाही.

वही आणलीस की पहिल्या पानाचा फोटो पाठव, डावी बाजू तरी. आणि डॉक्टरांची वेळ कुठल्या तारखेची मिळाली ते कळव. वहिनींना सलाम, पोरांना पापा.

तुझाच,
जुना मित्र