सोन्याच्या आराखड्यात तुझा झोपाळा

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "शाळेत एवढी कसली मीटिंग होती गं?" आणि मला रडूच आलं. काळजी करू नकोस, वाईट काही नव्हतं. आज सोन्या झोपलाय, तर सगळं सविस्तर लिहिते.

आपल्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) सोन्याचा आयईपी ठरला. आयईपी म्हणजे फक्त त्याच्यापुरता आखलेला वर्षभराच्या शिक्षणाचा आराखडा. त्याला काय शिकवायचं, कुणी, आठवड्यातून किती वेळ, आणि जमलं की नाही हे कसं मोजायचं, सगळं लेखी. त्यात लिहिलेलं देणं शाळेवर कायद्यानं बंधनकारक आहे आणि आपल्याला एक पैसाही पडत नाही. इथे हा कायदा 1975 साली झाला. त्याआधी सोन्यासारख्या आणि इतर अपंग अशा कितीतरी मुलांना सरकारी शाळेत प्रवेशच मिळत नव्हता.

तपासणीला आम्ही संमती दिली की 90 दिवसांत सगळं सुरू व्हायला हवं, असा न्यू जर्सीचा नियम आहे. तेवढ्यात शाळेच्या मानसशास्त्रज्ञ, समाजसेविका, स्पीच थेरपिस्ट अशा सगळ्यांनी त्याला पाहिलं. मग मीटिंग. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "त्याला काय काय येतं ते सांगा." आई, गेली दोन वर्षं आम्ही डॉक्टरांपुढे त्याला काय येत नाही तेवढंच सांगत आलोय. मला पटकन काही सुचेना. मग तुझा झोपाळा आठवला.

मे महिन्यात साताऱ्याला तू त्याला झोपाळ्यावर बसवायचीस, "एक... दोन..." म्हणून थांबायचीस आणि "तीन" म्हणत झोका द्यायचीस. चौथ्या-पाचव्या दिवशी तू "दोन"वर थांबलीस, तर त्यानं कडी घट्ट धरली, तुझ्याकडे पाहिलं आणि हळूच "ती" म्हणाला. "न" आलाच नाही, पण तू लगेच झोका दिलास. हे मी सांगितलं आणि स्पीच थेरपिस्ट बाई भराभर लिहून घ्यायला लागल्या. आता आराखड्याच्या पहिल्या पानावर आहे: ओळखीच्या खेळात तो थांबतो, समोरच्याकडे पाहतो, शेवटचा शब्द भरायचा प्रयत्न करतो. पुढचं सगळं त्यावरच बेतलंय.

पहिल्या मसुद्यात नुसतं "संवादकौशल्य सुधारेल" असं होतं. मी सही केली नाही. सुधारलं हे कळणार कसं? 2017 साली इथल्या सर्वोच्च न्यायालयानं कोलोरॅडोतल्या एका स्वमग्न मुलाच्या खटल्यात एकमतानं सांगितलंय की नावापुरती प्रगती चालणार नाही, आराखडा त्या मुलाला खरोखर पुढे नेणारा हवा. ते मी वाचून गेले होते. आता लिहिलंय: खेळ मध्येच थांबला तर शब्दानं, चित्रानं किंवा खुणेनं "अजून" मागेल, पाचपैकी चार वेळा. त्यासाठी आठवड्यातून दोनदा 30 मिनिटं स्पीच थेरपी. "डोळ्यांत पाहून बोलेल" हे वाक्य मात्र मी काढायला लावलं. खिडकीकडे बघत असतानाच तो सगळ्यात नीट ऐकतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

आणि आई, मराठी! मागे एकानं सांगितलं होतं, दोन भाषांनी तो गोंधळेल, घरी इंग्रजीच बोला. आम्ही मुकाट्यानं ऐकलं. तुलाही फोनवर "हॅलो बेबी" म्हणायला लावलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. या स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडत नाही. तुम्ही ज्या भाषेत त्याला मनापासून खेळवता तीच बोला. तो "ती" मराठीच होता ना!

बाबांना सांग, "मामाही पाच वर्षांचा झाल्यावर बोलला" हे आता पुरे. ते प्रेमानं म्हणतात हे मला कळतं. पण वाट बघण्यात आमचं एक वर्ष गेलं. शेजारच्या काकूंच्या नातीसाठीही सांग, आपल्याकडच्या 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात स्वमग्नता आहे. आधी प्रमाणपत्र काढून घ्या म्हणावं. अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त निघालं, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे तिला.

आता तुझं काम. पुढच्या रविवारी तुमच्या संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावीन. बाबांना फोन धरू दे, तू झोपाळ्यावर बस. "एक, दोन" म्हण आणि थांब. तो इकडेतिकडे बघेल, उठून जाईल, परत येईल. मनात दहा आकडे मोज, पण "तीन" तू म्हणू नकोस.

तुझी,
ताई