बाबांच्या नाकातली केसतोड

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर बोलताना बाबांचा हात सारखा नाकाकडे जात होता. विचारलं तर म्हणालात, "काही नाही गं, पुटकुळी आहे." पण उजव्या नाकपुडीची कड लालभडक दिसत होती आणि चष्मा सारखा करताना तुम्ही कळवळलात. तेव्हापासून मन लागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, ही केसतोड असावी. आरशासमोर उभं राहून चिमट्याने नाकातले केस उपटायची तुमची सवय मी लहानपणापासून बघते आहे. उपटताना केस कधीकधी आतच तुटतो. पुन्हा वाढताना त्याचं टोक बाहेर न येता वळून कातडीतच रुततं. शरीराला तो काट्यासारखा सलतो, मग सूज, ठणका, कधी पू. नाकात जंतू असतातच, त्यांना उपटलेल्या जागेतून वाट मिळते.

आई, तू जरा टॉर्च धरून बघ. सर्दीने नाक सोललं असेल तर बहुतेक दोन्हीकडे हुळहुळतं. केसतोड एकाच जागी असते, बाहेरून बोट टेकवलं तरी नेमकी तिथेच दुखते. फुगवट्याच्या मधोमध बारीक काळी रेघ किंवा केसाचं वळण दिसलं, तर शंकाच नको. दिसलं नाही म्हणून मात्र सुईने कोरू नका.

आणि बाबा, हात जोडून सांगते, ती दाबू नका. मागच्या वर्षी मी दाबली होती. सकाळी उठले तर वरचा ओठ सुजलेला. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं, की नाकाच्या वरच्या टोकापासून ओठांच्या दोन कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातल्या शिरा आत मेंदूच्या तळाजवळच्या शिरांना जोडलेल्या असतात. इथला संसर्ग आत पोचणं फार क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं.

सध्या फक्त शेक द्या. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात बुडवून, पिळून, नाकपुडीवर १०-१५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. आई, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघ, बाबा भाजलं तरी बोलायचे नाहीत. शेकाने कातडी मऊ पडते आणि पुष्कळदा केस आपोआप मोकळा होतो. घरात पडलेलं जुनं मलम लावू नका.

खरी काळजी बाबांच्या शुगरची आहे. त्यामुळे संसर्ग लवकर चिघळतो, म्हणून दोन दिवसांत उतार पडला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाच. ताप आला, सूज गालावर किंवा डोळ्याकडे सरकली, डोकं खूप दुखलं किंवा दिसायला अंधूक झालं, तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा. माझी झोपमोड होईल म्हणून फोन करायचा थांबू नका.

बरं वाटलं की बोथट टोकाची छोटी कात्री वापरा, तीही फक्त बाहेर डोकावणाऱ्या केसांसाठी. आतले केस धूळ अडवतात, ते राहू द्यात. वापरण्याआधी कात्री स्पिरिटने पुसायची.

उद्या सकाळी पुन्हा व्हिडिओ कॉल करते. बाबा, खिडकीजवळ उजेडात बसा, म्हणजे मला नाक नीट दिसेल.

तुमची,
लेक